झालेल्या कामाचं क्रियापद

"ही चेक," मिस्त्री पुन्हा म्हणाले, आणि सूनबाईने हातातलं पेन टेबलावर ठेवून दिलं.

सकाळपासून हे सहाव्यांदा. आय चेक, यू चेक, वी चेक, दे चेक इथपर्यंत सगळं सुरळीत व्हायचं आणि 'ही'पाशी हटकून गाडं अडायचं. आठवडाभर शाळेत पाचवीच्या मुलांकडून हेच घोकून घेता घेता तिचा घसा बसला होता. रविवार तरी आपला म्हणून मिळेल असं तिला वाटलं होतं, तर छप्पन्न वर्षांचे सासरे वही उघडून समोर.

"बाबा, ही चेक्स. ही, शी, इट आलं की एस लावायचा."

"त्यांनाच का? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

"ते तसंच असतं."

"तसंच असतं म्हणजे काय? मशिनीत कुठलाच नट उगाच नसतो."

तिने त्यांना विचारलं, मराठीत मी तपासतो, तू तपासतोस, ती तपासते, एवढी रूपं करता तेव्हा कधी कारण मागितलंत का? मिस्त्री म्हणाले, ते कुठे शिकायला बसलो होतो. यावर ती आणखीच वैतागली.

मिस्त्रींनी एकतीस वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या लिफ्ट सांभाळल्या होत्या. नुसत्या आवाजावरून कुठली दोरी ताणलीय ते सांगायचे. मग नवे साहेब आले आणि रोजच्या कामाची नोंद इंग्रजीत लिहायचा हुकूम निघाला. मिस्त्रींनी कुणाकडून तरी तीन ओळी लिहून घेतल्या आणि वर्षभर रोज सकाळी त्याच उतरवल्या. क्लीन. ऑइल. चेक लॉक.

गेल्या मंगळवारी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकली. आत चाकाच्या खुर्चीतली एक आजी आणि नर्स. मिस्त्रींनी वरच्या मशिनीचं चाक हाताने फिरवून त्यांना बाहेर काढेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. आजींना इजा काही झाली नाही, पण त्यांचं थरथरणं थांबेना. त्यांच्या मुलाने लेखी तक्रार केली. साहेबांनी नोंदवही उघडली आणि म्हणाले, ही तर करायच्या कामांची यादी झाली; केलं असं यात कुठे लिहिलंय? सोमवारी स्वतःच्या हाताने, इंग्रजीत लिहून आणा, त्या दिवशी काय काय केलंत ते.

आता एसचा नाद सोडून सूनबाई थेट भूतकाळाकडे वळली. क्रियापदाला इ-डी जोडलं की काम झालं असा अर्थ. क्लीन्ड. ऑइल्ड. टेस्टेड. लिहायला एकच आणि बोलायला कुठे ड, कुठे ट, कुठे इड, यावरून मिस्त्रींनी पंधरा मिनिटं वाद घातला. बोलायचं नाहीये, फक्त लिहायचंय, असं तिने दात आवळून सांगितलं. पण इथे 'ही' असो वा 'दे', सगळ्यांना एकच माप, हे कळल्यावर त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी सुबक अक्षरात इंग्रजीत लिहिलं, मी साफ केलं. मी तेल घातलं. आणि पेन थांबलं.

"नाही केलं, असं कसं लिहितात?"

डिड नॉट लिहायचं आणि पुढे नुसतं क्रियापद, इ-डी काढून टाकायचं, असं तिने सांगितलं. सांगून झाल्यावर तिला खटकलं. "पण हे कशाला हवंय तुम्हाला?"

मिस्त्रींनी वहीवरची नजर न काढता सांगितलं. मंगळवारी सकाळी तिन्ही ओळी नेहमीसारख्या आधीच लिहून टाकल्या होत्या. साफसफाई झाली, तेल झालं, तेवढ्यात साहेबांनी त्यांच्या खोलीतला पंखा बघायला बोलावलं. तिसऱ्या मजल्याच्या दाराचं लॉक बघायचं राहिलं ते राहिलंच, आणि त्याच लॉकपायी लिफ्ट अडकली.

"मग चेक्ड लिहा," ती म्हणाली. "कुणीही तेच लिहील. नाहीतर साहेबांनी बोलावलं होतं, तेही लिहा."

"पंखा दहा मिनिटांत झाला होता. पुढे मी चहा घेत बसलो." त्यांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं. "नुसतं चेक होतं तोवर चालून जात होतं. करायचंय, असंही वाचता यायचं. आता तूच सांगितलंस, इ-डी लावलं की काम झालेलं असतं."

निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, याची आठवण तिने करून दिली. सरळ सांगितलं, रागावून सांगितलं, शेवटी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. इतकी वर्षं शिकवतेय, पण शिकवलेलं एवढं मनावर घेणारा विद्यार्थी आजवर भेटला नव्हता आणि पहिला भेटला तो नेमका घरातच. बाहेर मिस्त्री एकेक अक्षर पुटपुटत लिहीत होते. हाक मारून त्यांनी एकदाच विचारलं, चेकमध्ये सी दोनदा येतो ना?

सोमवारी ते चार वाजताच घरी आले. साहेबांनी कागद दोनदा वाचला, म्हणाले, भाषा अगदी शुद्ध आहे. उद्यापासून लिफ्टवर दुसरा माणूस. मिस्त्रींनी दोन वर्षं सामानाच्या कोठारात बसायचं. पंख्याचं तुम्ही सांगितलंत का, असं सूनबाईने विचारलं. तो विषयच निघाला नाही, मिस्त्री म्हणाले. येताना वॉर्डात जाऊन आजींना मात्र सांगून आलो, लॉक बघायचं माझ्याकडून राहिलं म्हणून.

"काय म्हणाल्या?"

"तोंड फिरवून घेतलं."

ते आत जाऊन झोपले. सूनबाईने त्यांचा कामाचा शर्ट भिजवायला घेतला. सवयीने खिसा चाचपला. खिसा रिकामा होता. लिफ्टच्या दाराची जड लोखंडी चावी रोज बाळगून त्याचं कापड खाली ओढलं गेलं होतं आणि तोंड सैल पडलं होतं. धुतल्यावर तिने शर्ट दोरीवर घातला, हाताने दोनदा खिसा सारखा केला. शर्ट वाळला, खिसा तसाच उघडा लोंबत राहिला.