काळ्या तोंडाचा किडा

ऐका ना, देवळा गावात कारभारीबाबाच्या मांडवात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती! बाबानं पूजाच्या कानाला पितळी नळी लावली, तोंडानं जोरात ओढलं आणि रोहितच्या हातातल्या वाटीत थुंकला. वाटीत चार पांढरे, वळलेले किडे!

"काळं तोंड बघा त्यांचं! मेंदू खात व्हते पोरीचा. सात फेऱ्या मारा माझ्याकडं, एकपण उरणार नाय!"

गर्दीनं हात जोडले. रोहितनं वाटीसकट मान झुकवली. कांदेवाल्याचा पोरगा, नाशकात शेती कॉलेजात तिसऱ्या वर्षाला, तरी झुकवली! धाकटी बहीण पूजा आठवडाभर झोपली नव्हती, भिंतीशी बोलायची. घरी आल्यावर आई, नवसाबाई, म्हणाली, "तू शिकलेला हायेस, तूच सांग, खरं हाय का हे?" तो म्हणाला, "किडे डोळ्यांनी दिसले ना, आई!"

तिसऱ्या फेरीनंतर पूजाला फिट आली. तेव्हा कुठं गाडी नाशकाकडे. डॉक्टरांना दाखवायला रोहितनं किडे ओल्या कापसावर डबीत घेतले आणि धावपळीत विसरला.

दवाखान्यात चौथ्या दिवशी पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट आला. डॉक्टर मोहिनी मॅडम म्हणाल्या, "मेंदूत पहारेकरी पेशी असतात. कचरा उचलतात, जंतूंशी लढतात. पण हिच्या शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून स्वतःच्याच मेंदूवर उठलीये, आणि हे पहारेकरीही भडकलेत. म्हणून सूज, भास, फिट. औषध आहे. आजारी कधीपासून?"

"तीन आठवडे. त्यातले दहा दिवस... बाबाकडे."

"लवकर आणायचं रे."

"मॅडम, पण ते किडे..." त्यानं डबी उघडली.

किडे हिरवे झाले होते! ताठ उभे, शेंड्यावर बियाची काळी टोपी. कांद्याचं रोप! बाबा मोड आलेलं बी गालात धरायचा, नळी नुसती दाखवायला. दरवर्षी वाफ्यात बी टाकणारा रोहित डबीकडे बघतच राहिला. मान वर होईना त्याची.

महिन्याभरानं पूजा धड बोलायला लागली. पहिलं काय विचारावं? "दादा, वाटी तूच धरली होतीस ना?"

"हो," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी डबी घेऊन तो मांडवात उभा राहिला. "वाटी मीच धरली होती! हे किडे नव्हते, मोड आलेलं कांद्याचं बी होतं! दिसलं ते मानलं, तपासलं नाही. माझ्यामुळं बहिणीचे दहा दिवस गेले. झोप उडाली, भास झाले, फिट आली, तर आधी दवाखाना!"

बाबा ओरडला, "देवाची थट्टा करतो काय रे?"

मागून नवसाबाई म्हणाली, "देव राहू दे बाजूला. आधी तोंड उघड, गाल दाखव."