शेपटीवरचं लेबल

खरं तर मी हे कुणाला सांगायचं नाही. आमच्या डब्यातला तो नियमच आहे. ज्याचं रक्त अंगावर घेतलं, त्याच्याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही. पण मी नाव घेणार नाही, गावही सांगणार नाही. तेवढ्यावर भागत असेल तर ऐका.

मी एक काचपट्टी बोलतेय. मधल्या बोटाएवढी लांब, दोन बोटं रुंद आणि नखासारखी पातळ. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं, की आम्ही पन्नास बहिणी एका खोक्यात दाटीवाटीनं उभ्या होतो आणि पहिली कोण जाणार याची प्रत्येकीला धास्ती होती.

आमचं खोकं गावाकडच्या एका छोट्या रुग्णालयात आलं. तिथली प्रयोगशाळा म्हणजे लांब बोळाच्या टोकाची एक खोली. एका भिंतीला रक्त मोजायचं यंत्र, खिडकीखाली टेबल, टेबलावर मायक्रोस्कोप. खिडकीतून आवारातली रुग्णवाहिका दिसायची. ती जागेवर असली, की खोलीतली माणसं जरा मोकळेपणानं बोलायची.

खोलीचा कारभार एका वयस्कर तंत्रज्ञाकडे होता. सगळे त्यांना काका म्हणायचे, त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा. काका काचेवर रक्ताचा थेंब ठेवायचे आणि दुसऱ्या काचेच्या कडेनं तो एका दमात पुढे ओढायचे. रक्ताचा लेप सुरुवातीला जाड, मग पातळ आणि शेवटी जिभेच्या टोकासारखा निमुळता व्हायचा. त्या टोकाला ते शेपटी म्हणायचे. काकांसारखी शेपटी आजूबाजूच्या कुठल्याच रुग्णालयात निघत नाही, असं खुद्द काकाच सांगायचे.

पूर्वी काका काचेच्या डोक्याकडे हातानं नंबर लिहीत. मग लेबल छापायचं मशीन आलं. त्याची लेबलं रुंद होती. डोक्याकडे लावली की मायक्रोस्कोपच्या चिमट्यात अडकायची आणि काच पुढे सरकायची नाही. काकांनी दोन दिवस चडफड केली आणि तिसऱ्या दिवसापासून लेबल दुसऱ्या टोकाला, शेपटीवर चिकटवायला लागले.

"शेपटीकडे कोण बघतं?" ते स्वतःशीच म्हणाले. "बघायचं ते सगळं मधे असतं."

बहुतेक वेळा ते खरंही होतं.

माझी पाळी एका बुधवारी सकाळी आली. बुधवारी रक्तविकाराच्या डॉक्टर यायच्या. त्या शहरात राहायच्या आणि आठवड्यातून एकदा पहाटेची बस धरून इथे पोहोचायच्या. खुर्ची बुटकी म्हणून बसायची उशी घरून आणायच्या. पेन्सिल केसात खोचून ती टेबलभर शोधत राहायच्या.

त्या दिवशी त्या उशीवर टेकतात न टेकतात, तोच बाळंतपणाच्या डॉक्टर आत आल्या. त्यांच्या हातात यंत्रातून निघालेला कागद होता.

"मॅडम, प्लेटलेट्स अकरा हजार. दीड लाख तरी हव्यात. बाळाचे ठोके मधेच उतरतायत, सिझेरियन करावंच लागेल. पण इथे कापलं आणि रक्त थांबलं नाही, तर? भरायला प्लेटलेट्सची एक पिशवी नाही आपल्याकडे. शहरात पाठवते."

"रस्ता किती?"

"तीन तास. सगळी वळणं."

"बाळ तीन तास धरेल?"

बाळंतपणाच्या डॉक्टर दाराची कडी चाळवत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ते मला विचारू नका."

"दहा मिनिटं द्या. काच बघते."

"सात देते. तोवर गाडी तयार ठेवायला सांगते."

काकांनी मला नुकतंच रंगवून, वाळवून, लेबल लावून ठेवलं होतं. मॅडमनी माझ्यावर तेलाचा थेंब सोडला आणि भिंग खाली आणलं. खालून दिव्याची ऊब लागत होती. त्या माझ्या मधोमध फिरत होत्या. इथे एक प्लेटलेट, पुढे बरंच अंतर, मग आणखी एक. रिकाम्या बाजारात दोन-चार माणसं दिसावीत तशा.

"कमीच दिसतायत," त्या म्हणाल्या.

"यंत्रानं सांगितलंच होतं," काका म्हणाले. "शेजारी तारासुद्धा छापलाय. म्हणजे तपासून बघा. पण मेलं ते यंत्र सगळ्यांनाच तारा देतं."

मॅडमनी कागद पुढे ओढला आणि पेन उचललं.

आणि मला ठाऊक होतं. त्या लेबलाखाली काय आहे, ते त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. थेंब ओढला जाताना मी ते अंगावरून घरंगळत शेपटीकडे गेलेलं अनुभवलं होतं. पण काचेला घसा नसतो. फार तर मी तडकले असते, आणि मग मला केरात टाकून दिलं असतं.

तेवढ्यात खिडकीच्या गजांतून एक चेहरा आत डोकावला. डोक्याला रुमाल बांधलेली, साठीची बाई.

"रक्तवाल्या डॉक्टर तुम्हीच का?"

"आजी, इथे थांबू नका," काका म्हणाले.

"आजी तुमची असेल. मी पेशंटची आत्या. हिच्या बापाची थोरली बहीण." तिनं गज घट्ट धरले. "ते म्हणतात, हिचं रक्त थांबणार नाही. कोण म्हणतं? गेल्याच महिन्यात दाढ उपटली हिची. तासाभरात घरी येऊन माझ्याशी भांडली."

मॅडमचं पेन थांबलं. "दाढ काढली? रक्त किती वेळ आलं?"

"कापसाचा एक बोळा. तोही लाजेकाजेस्तव."

"हिरड्यांतून रक्त येतं? अंगावर काळेनिळे डाग?"

"कुठले डाग. सकाळीच न्हाऊ घातलंय मी तिला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळे लावले. आता त्या मधे थांबल्या नाहीत. मला सरकवत सरकवत टोकाकडे नेलं आणि अचानक सगळं काळं झालं. भिंगासमोर कागद आला होता.

"काका, शेपटी कुठे गेली?"

"आहे की. लेबलाखाली."

हे म्हणतानाच काकांचा चेहरा उतरला. बाहेर रुग्णवाहिकेचं इंजिन सुरू झालं. स्ट्रेचरची चाकं बोळातून खडखडत जात होती.

मॅडमनी मला काढून हातात घेतलं. लेबलाच्या कडेला उग्र वासाच्या द्रावणाचा थेंब सोडला, डिंक सैल व्हावा म्हणून. चिमट्यानं कोपरा उचलला. कागदाबरोबर माझी कातडीच निघतेय असं वाटलं. खरंच निघाली. अर्धी शेपटी लेबलाला चिकटून गेली. उरली ती नखभर कड.

"राहू द्या मॅडम, दुसरी काच करतो," काका म्हणाले.

"हिलाच बघू द्या आधी."

त्यांनी भिंग त्या नखभर कडेवर आणलं. तिथे होत्या त्या सगळ्या. एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, जांभळ्या वाळूचे ढीग घालावेत तशा. एकेका ढिगात तीस-तीस, चाळीस-चाळीस.

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. "गाडी थांबवा," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण आत्याबाईंनी तो पुढे असा पोहोचवला की चालकानं इंजिनच बंद केलं.

बाळंतपणाच्या डॉक्टर धावत आल्या. "काय झालं?"

"नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं ना, त्यानंच काहींच्या प्लेटलेट्स गोळा होतात. यंत्राला त्या मोजता येत नाहीत. तिच्या अंगात त्या असणार, व्यवस्थित."

"असणार? की आहेत?"

"बोटाला टोचून ताजा थेंब घेते, औषधाशिवाय. मग सांगते."

काका सुई घेऊन स्वतः पळत गेले. खोक्यातली माझी एक बहीण पुढे झाली. काकांनी लेप एका दमात ओढला आणि घाईनं रंगवला. त्या काचेवर प्लेटलेट्स गर्दीच्या रस्त्यासारख्या पसरल्या होत्या. शेपटीसुद्धा उघडी होती.

"दीड लाखाच्या खाली नाहीत," मॅडम म्हणाल्या. "करा सिझेरियन."

"आणि तुमचं चुकलं तर?"

"खाली माझी सही आहे."

त्यानंतर चाळीस मिनिटं गेली. धुतलेल्या नळ्या काका पुन्हा धुवत होते. मॅडमच्या केसात पेन्सिल होती आणि त्या टेबलावर ती शोधत होत्या.

"मॅडम, माझं चुकलं," काका शेवटी म्हणाले.

"लेबलं तीन महिने माझ्या डोळ्यांसमोर होती, काका. मी तरी कुठे विचारलं?"

मग खिडकीत तो रुमाल पुन्हा दिसला. आत्याबाईंनी आधी डोळे पुसले, मग नाक.

"मुलगी झाली. आमच्याच वळणावर गेलीय, आल्या आल्या तक्रार."

"आणि तिची आई?"

"रक्त थांबलं. तोंड थांबेना."

काका खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

मला वाटलं, संपलं. पण मॅडमनी परतीची बस सोडली आणि कपाटातला डबा टेबलावर ठेवला. गेल्या तीन महिन्यांत प्लेटलेट्स कमी म्हणून ज्यांना पुढे पाठवलं किंवा ज्यांचं ऑपरेशन लांबवलं, त्यांच्या काचा त्यात होत्या. सत्तावीस. काकांनी एकेकीचं लेबल सोडवायचं आणि मॅडमनी बघायचं. मी बाजूलाच पडले होते. पंचवीस काचांपाशी मॅडमनी नुसती मान हलवली. दोन काचांपाशी त्या थांबल्या, तिथेही शेपटीत तेच ढीग होते. वहीत दोन नंबर लिहिले आणि काकांना त्या दोघांच्या घरी फोन लावायला सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं, ते मी ऐकलंय. ते मात्र सांगणार नाही. आमचा नियम आहे तो अशासाठीच.

आता मी डब्यात वेगळ्या खाचेत राहते. माझी शेपटी अर्धीच आहे. काका पुन्हा डोक्याकडे हातानं नंबर लिहितात आणि लिहून झाल्यावर चष्मा वर करून शेपटीकडे बघतात, रोज, प्रत्येक काचेच्या. माझं फार काही मागणं नाही. शहाणपण शिकवण्याइतकी मी मोठीही नाही. फक्त एवढंच वाटतं, की कुणावरही एखादा कागद चिकटवायच्या आधी—

"काका, ती तुटक्या शेपटीची काच द्या हो. कामाला आलेल्या नव्या मुलीला दाखवायचीय."

आले, मॅडम. तर मी काय सांगत होते, कागद चिकटवायच्या आधी त्याच्याखाली काय झाकलं जाईल ते—