तूर्त उपयोग दिसत नाही

बरणीवर परवाची तारीख होती आणि अक्षर विश्वंभरचं होतं. विश्वंभर जाऊन अकरा वर्षं झाली होती.

प्रमोदिनीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पेणच्या खाडीकाठच्या त्या मिठागरावर, पत्र्याच्या शेडमध्ये, फळीवर ओळीने बावीस बरण्या होत्या. प्रत्येकीत गुलाबी खारं पाणी, आणि प्रत्येकीवर नवाच्या आकड्याची शेपटी आत वळवणारं तेच अक्षर. भर दुपारी त्यांच्या अंगावर काटा आला. जन्मभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेल्या अडुसष्ट वर्षांच्या बाईने भुताखेतांवर विश्वास ठेवू नये हे खरं, पण ते भुताला कोण सांगणार?

बाई आल्या होत्या सरकारी कामाला. अशाच गुलाबी पाण्यातल्या जंतूंपासून परदेशातल्या एका कंपनीने लस फ्रीजशिवाय टिकवणारं द्रव्य काढलं होतं, आणि आपला देश मागे पडला म्हणून दिल्लीत धावपळ उडाली होती. आपल्याकडे सगळं असंच. तहान लागली की विहीर खणायची, तीही अध्यक्ष नेमून. अध्यक्ष प्रमोदिनीबाई. जंतूंचं देशी वाण कुणी जपलंय का, असा प्रश्न बैठकीत निघाला तेव्हा त्यांच्या तोंडून विश्वंभरचं नाव निघून गेलं.

मुरूडच्या सुपारीच्या वाडीत वाढलेला विश्वंभर त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र. मिठागरात काय जगतं आणि का जगतं, एवढंच त्याला शोधायचं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने सरकारकडे अनुदान मागितलं आणि तो प्रस्ताव तपासायला आला नेमका प्रमोदिनीबाईंकडे. मित्राची फाइल म्हणून त्यांनी ती परत पाठवायला हवी होती. नाही पाठवली. मग मित्राला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून इतरांपेक्षा कडक तपासली आणि खाली शेरा मारला, ‘तूर्त उपयोग दिसत नाही.’ आपण किती निःपक्षपाती, याचं तेव्हा केवढं समाधान वाटलं होतं. महिन्याभराने विश्वंभरने तो टाइप केलेला, बिनसहीचा कागद त्यांनाच आणून दाखवला. कोणी लिहिलंय कोण जाणे, पण माणूस शिस्तीचा दिसतो, असं म्हणून तो हसला. बाई मुकाट्याने चहा पीत राहिल्या. तो घोट आजवर त्यांच्या घशाखाली उतरलेला नव्हता.

शेडची राखण करणारी सखुबाई पाण्याची कळशी घेऊन आत आली. मिठागरावरच जन्म गेलेली, सत्तरीची आगरी बाई. या तारखा कोण लिहितं, असं बाईंनी विचारलं तेव्हा ती लाजली.

“मीच. मना लिवता येत नव्हता. साहेबांचा बघून बघून शिकली. दुसरा अक्षर मना येतच न्हाय.”

भूत नव्हतं, पण बाईंचा जीव काही हलका झाला नाही. सखुबाई सांगत गेली. अनुदान नाही म्हणून शेड बंद पडली, वीज तुटली, साहेबही गेले. जाताना म्हणाले होते, वाण मोडू देऊ नको. मग तिने ते घरात विरजण राखतात तसं राखलं. दर आठवड्याला जुन्या बरणीतलं चमचाभर पाणी, उकळून गार केलेल्या खाऱ्या पाण्यात सोडायचं. जंतूंच्या खाण्याची बाटली संपली तेव्हा सुका जवळा उकळून त्या बारीक मासळीचं पाणी पाजलं. याचा उपयोग काय, हे तिने अकरा वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं.

बाईंनी आपलं सरकारी काम सांगितलं तेव्हा एक बरणी फडक्यात गुंडाळून तिने बाईंच्या हातात दिली. आता आभार मानून गाडीत बसायचं, एवढंच उरलं होतं. पण सखुबाई दारात अडून उभी राहिली.

“येक इचारू, बाय? साहेबांना न्हाय कोनी म्हटला? दवाखान्यात पन त्यांना त्योच घोर. पुन्ना पुन्ना अर्ज लिवायचे. माझा लिवायला काय चुकला, म्हनायचे.”

ती फाइल एव्हाना रद्दीत गेली असणार. नाही कुणी म्हटलं हे ठाऊक असलेलं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते गप्प राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

“मी म्हटलं,” त्या म्हणाल्या. “त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.”

सखुबाईने बरणी त्यांच्या हातातून काढून घेतली. बाईंना वाटलं, ठीकच झालं, हेच व्हायला हवं होतं. पण तिने झाकण पुन्हा घट्ट आवळलं आणि बरणी परत त्यांच्या हातात दिली.

“न्या. मी पन न्हाय म्हटला तं साहेबांचा काम दोनदा मरल,” ती म्हणाली. “पन तुमी हिथं परत येऊ नका.”

बरणी पोटाशी धरून प्रमोदिनीबाई उन्हातून गाडीपर्यंत चालत गेल्या. मागे वळून पाहायची त्यांची हिंमत झाली नाही.