आठ दहाची बारा नंबर

मी बसथांब्यावरचा बाक बोलतोय. दचकू नका, आणि उभे तर मुळीच राहू नका. बसा. रुमालाने मला पुसून बसणारे तुम्ही काही पहिले नाही. फक्त त्याच रुमालाने नंतर तोंड पुसू नका, एवढंच सांगतो.

माझा जन्म शाळेसाठी झाला होता. पण सुताराच्या हातून माझा एक पाय आखूड निघाला. शाळेने मला नापास केलं आणि मी पहिलीतही न जाता थेट रस्त्यावर आलो. बरंच झालं. इथे जास्त शिकायला मिळालं. लग्नं जुळताना पाहिली, मोडताना पाहिली. शेजारी पिशवी ठेवून "इथे कोणीतरी येतंय" म्हणणारे तर रोजचेच. ते कोणीतरी वीस वर्षांत आलेलं नाही.

मग एका सकाळी उस्ताद आले. गाडी घेऊन, सरळ माझ्या अंगावर.

उस्ताद म्हणजे पस्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हर. नजर कधीचीच गेलेली, पण घरात कोणी विषय काढला की म्हणायचे, "रस्ताच मला ओळखतो." त्या दिवशी रस्त्याने ओळख दाखवली नाही. माझे तीन तुकडे झाले आणि माझ्यावर बसलेल्या शिवणकामवाल्या ताईचा पाय मोडला.

न्यायाधीश बाई मोठ्या खट्याळ असाव्यात. त्यांचा हुकूम कोर्टाच्या कारकुनाने माझ्या तुकड्यांपाशी उभं राहून वाचला, म्हणून मला पाठ आहे. या वयात उस्तादांना आत टाकून काय करायचं? त्यांनी मोडलेला बाक स्वतःच्या हाताने जोडावा. मग तीस दिवस सकाळी आठ ते दहा त्यावर बसावं आणि येणाऱ्या प्रत्येक बसचा नंबर मोठ्याने सांगावा. एकही चुकला नाही तर लायसन्स परत. चुकला तर कायमचं विसरा.

उस्तादांनी मला जोडलं. चार खिळे लाकडात, दोन अंगठ्यात.

पहिल्या दिवशी मी गंमत बघायला टपून होतो. बस आली. "आठ दहाची बारा नंबर," उस्ताद गरजले. बरोबर. "आठ वीसची चार नंबर." तीही बरोबर. अठ्ठावीस दिवस एक चूक नाही. कारकून दहाला येऊन लोकांना विचारायचा आणि वहीत खूण करायचा. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याची नजर घारीची आहे.

मला मात्र गोम कळली होती. बस यायच्या आधी उस्ताद शेजारच्याला हळूच विचारायचे, "किती वाजले हो?" पस्तीस वर्षांचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होतं आणि त्या महिन्यात बसही शहाण्यासारख्या वेळेवर येत होत्या.

एकोणतिसाव्या दिवशी बारा नंबर वाटेत बंद पडली. तिच्या वेळेला आली एकवीस. कुबडी घेऊन रोज याच थांब्यावर येणारी ताई त्या दिवशी प्लास्टर काढायला निघाली होती. उस्ताद ठणकावून म्हणाले, "आठ दहाची बारा नंबर." ताईचं सगळं लक्ष कुबडीवर आणि पायरीवर. ती चढली.

पावणेदहाला ती परत आली. दोन थांबे चालत. घामाघूम होऊन माझ्यावर टेकली.

"काका, एकवीस होती ती."

उस्तादांनी माझी कड घट्ट धरली.

"तुम्हाला दिसत नाही ना?"

"वेळ पाठ आहे गं," ते म्हणाले. "बस दिसत नाही." मग आणखी हळू, "पाय फार दुखतोय का?"

"आज विचारलंत. महिनाभर शेजारी बसतेय मी."

उस्तादांनी मान खाली घातली. तेवढ्यात कारकून आला. "काय, आज सगळं बरोबर?"

"बरोबर," ताई म्हणाली. चेहरा अगदी साधाभोळा. मला तिचं फार कौतुक वाटलं. लबाडीची कदर मला आहे.

"चूक," उस्ताद म्हणाले. "लिहा. एकवीसला बारा म्हणालो."

कारकुनाचं पेन थांबलं. "अहो, एकच दिवस राहिलाय. लायसन्स जाईल."

"जाऊ द्या. हिला दोनदा दुखवलं मी. पुरे झालं."

कारकुनाने लिहिलं. ताई त्या दिवशी प्लास्टर काढायलाही गेली नाही आणि कामालाही नाही. दहा वाजून गेले तरी दोघं माझ्यावर बसून होती.

याला आता वर्ष झालं. शिक्षा कधीच संपली, तरी उस्ताद येतात. ताई बसची पाटी वाचून त्यांच्या कानात सांगते आणि उस्ताद गरजतात. आवाज अजून तरुण आहे. कधी एखादी बस जोरात आली की त्यांचा उजवा पाय नकळत फरशीवर दाबला जातो, ब्रेकवर दाबावा तसा. मी पाहिलं न पाहिलंसं करतो.

माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरी असा एखादा उस्ताद असेल, तर त्याच्या हातातली किल्ली हिसकावू नका. मागा. न दिली तर पुन्हा मागा. आणि दिली की लगेच उठून जाऊ नका. थोडा वेळ त्याच्या शेजारी बसा. घरात जमत नसेल तर त्याला घेऊन इकडे या. मी आहेच.