मिशमिशचं गुरगुरणं

वगीहची बायको ओडेट वारली तेव्हापासून मिशमिशने तिच्या खुर्चीखालची जागा सोडली नाही. काचबंद बाल्कनीतली ती वेताची खुर्ची. तिथून खाली ट्राम दिसे आणि दोन इमारतींच्या फटीतून बोटभर समुद्र. कोणी खुर्चीजवळ गेलं की खालून घशातल्या घशात गुरगुर ऐकू येई. वगीह लगेच मागे सरे आणि म्हणे, "बरं बाई, तुझंच राज्य." मग ती गप्प होई. म्हातारा आणि कुत्री, दोघांचं तसं ठीक चाललं होतं.

मिशमिश म्हणजे जर्दाळू. ओडेटने तिला पिल्लू असताना मासळीबाजाराच्या मागून उचलून आणलं होतं. अलेक्झांड्रियाच्या कुठल्याही गल्लीत दिसेल अशी साधी कुत्री, फक्त रंग तेवढा जर्दाळूचा. बायकोमागे वगीहच्या घरात बोलायला तीच काय ती उरली होती.

हिवाळ्याच्या तोंडावर कुवेतहून मुलीचा, नेव्हीनचा फोन आला.

"बाबा, नाताळला आम्ही येतोय. पण आमची वेरेना आता एका जागी बसत नाही, दिसेल त्यात हात घालते. त्या कुत्रीचं काहीतरी करा."

"काय करू?"

"शिकवणारे असतात हल्ली. नाहीतर आम्ही हॉटेलात उतरतो."

हॉटेलात! ओडेट असती तर तिने फोनवरच गोंधळ घातला असता. वगीहला रात्रभर झोप लागली नाही.

मिशमिशच्या डॉक्टरने रीहामचं नाव सुचवलं. ही तिशीची मुलगी घरी आली ती थेट खुर्चीकडे गेलीच नाही. दाराजवळ फरशीवर मांडी घालून, तोंड दुसरीकडे करून बसली. चहा गार झाला तरी तिचे प्रश्न संपेनात. मिशमिश जिने चढते का? पाय तपासून किती दिवस झाले?

"उस्ताज, हिचं काहीतरी दुखतंय. उठताना मागचा पाय टेकायला बघत नाही. आधी डॉक्टरकडून तेवढं पाहून घ्या."

वगीहला ते लागलं. "मी तिला काही कमी पडू देत नाही."

"तसं नाही म्हटलं मी."

"मला एवढंच हवंय की ती गुरगुरायची थांबली पाहिजे. नाताळपर्यंत होईल?"

"नाही," रीहाम म्हणाली. "आणि ते थांबवूच नका. गुरगुरते म्हणजे बोलते ती. दूर राहा म्हणते. नात आली की बाल्कनीला जाळीचं दार लावा, दोघींना एकत्र सोडू नका. बाकीचं काम सावकाश होईल, महिने लागतील. वचन मी कोणाला देत नाही. पण जे करीन ते तुमच्या डोळ्यांसमोर करीन. मी कुठे शिकले, कोणत्या परीक्षा दिल्या, सगळं विचारा. माझ्याकडे आलेल्या लोकांना फोन करा."

वगीहने काहीच विचारलं नाही. त्या सगळ्या बोलण्यातला त्याच्या कानात राहिला तो एकच शब्द, 'नाही'.

संध्याकाळी कॅफेत सोंगट्या मांडता मांडता त्याने फौझीला हे सांगितलं. फौझी त्याचा बंदरातल्या नोकरीतला सोबती.

"आपली पोरं आपलं ऐकेनात, आणि तू कुत्रीला शिकवणी लावतोस!" फौझी हसून हसून खोकला. "आणि त्या पोरीला महिने लागणार? अरे, माझ्या जावयाच्या भावाकडे राक्षस होता, राक्षस. कॅप्टन तामेरकडे पाठवला, तो मेंढी होऊन आला."

कॅप्टन तामेर दुसऱ्याच दिवशी हजर. काळं जाकीट, छातीवर बिल्ले, डोक्यावर चढवलेला गॉगल. तो कशाचा कॅप्टन हे कोणी विचारत नसे. मिशमिश गुरगुरली तसा त्याने पट्ट्याला असा हिसका दिला की तिचे पुढचे पाय उचलले गेले. ती गप्प झाली.

"बघितलंत, बाशा? मोठं कोण ते तिला कळलं."

वगीह एक पाऊल पुढे आला. पण त्याच वेळी हायसंही वाटलं, हे त्याला पुढे स्वतःशी कबूल करावं लागलं.

"कसं शिकवता तुम्ही?"

"ते आमच्यावर सोडा. वाळवंटाच्या रस्त्याला आमचं शेत आहे, तिथे ठेवू. भेटायला मात्र यायचं नाही हं. मालकाचा वास आला की शिकलेलं सगळं विसरतात."

"आणि खात्री?"

"शंभर टक्के! नाही सुधारली तर मिशी उतरवीन."

वगीहची सगळी नोकरी बंदरावर आलेला माल तपासण्यात गेली होती. पेटी उघडून पाहिल्याशिवाय त्याने कधी सही केली नाही. त्यापायी साहेबांची बोलणी खाल्ली, बदली ओढवून घेतली. या वेळी त्याने पेटी उघडली नाही. त्याला खात्री हवी होती, आणि या माणसाने ती दिली होती. मिशमिशला लिफ्टकडे नेताना तिच्या नखांचा फरशीवर आवाज झाला, तेव्हा तो स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला.

नाताळच्या आधी ती परत आली. बस म्हटलं की बसे, पड म्हटलं की पडे. वगीह भीत भीत खुर्चीशी गेला, खुर्चीत बसला. खालून हूं की चूं नाही. मिशमिश भिंतीकडे तोंड करून पडली होती. सांगितल्याशिवाय ती पाण्यालाही तोंड लावत नसे. वगीहला वाटलं, काय शिस्त! त्याने त्याच दिवशी कुवेतला फोन केला.

"नेव्हीन, ओळखणार नाहीस तू तिला."

सणाच्या दिवशी घर पुन्हा घरासारखं वाटलं. उपास सुटला होता, बदकाचा रस्सा आणि भात-पावाचा फत्ता खाऊन सगळे जड झाले होते. बाहेर वादळी पाऊस काचांवर आपटत होता. वेरेना बाल्कनीच्या दारात घुटमळत होती.

"गिद्दो, मी हात लावू?" आजोबांना ती गिद्दो म्हणे.

"जा की," वगीह म्हणाला. "आता शहाणी झालीय ती."

पोरगी आजीच्या खुर्चीवर चढली. मिशमिशने मान फिरवली. ओठांवरून जीभ फिरवली, मग मोठी जांभई दिली.

"आळशी बाई! जांभया देतेय बघा," नेव्हीन हसली.

वेरेनाने खुर्चीतून वाकून तिच्या गळ्यात हात टाकले. कसलाही आवाज झाला नाही. आवाज झाला तो पोरीच्या किंकाळीचाच.

गालाला टाके पडले. रेबीजच्या सुयांचा पहिला डोस तिथेच दिला. हॉस्पिटलच्या बाकावर नेव्हीन बापाशी एकदाच बोलली. "तुम्ही म्हणालात जा." राहिलेले दिवस ते हॉटेलात राहिले आणि ठरल्यापेक्षा लवकर परत गेले.

कॅप्टन फोनवर म्हणाला, "बाशा, ती तुमच्या घरात चावली, माझ्या शेतात नाही. धाक तुम्ही टिकवला नाही." त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

वगीहने रीहामला बोलावलं. ती त्याला टाकून बोलली असती तर बरं वाटलं असतं, पण ती आली आणि पूर्वीसारखीच फरशीवर बसली. बऱ्याच वेळाने मिशमिशने जवळ येऊ दिलं, तेव्हा रीहामने तिच्या मानेवरचे केस बाजूला केले. कातडीवर खपली धरलेले दोन गोल डाग होते.

"हे काय?"

"विजेचा पट्टा. गुरगुरली की झटका देतात." तिने केस पुन्हा नीट केले. "शिकली ती, उस्ताज. भीती तशीच आहे, दुखणंही तसंच आहे. फक्त सांगायचं नाही, एवढं शिकली."

"पुन्हा सांगायला शिकेल?"

"प्रयत्न करू. वचन देत नाही."

या वेळी वगीहने ते शब्द धरून ठेवले. एक्स-रे काढल्यावर कळलं, मागच्या पायाचा खुबा पार झिजला होता. गोळ्या सुरू झाल्या. रीहाम येई, उकडलेल्या कोंबडीचे तुकडे लांबून टाकी, काहीही न मागता निघून जाई. पण वगीहच्या चपलांचा आवाज झाला की मिशमिश पोट फरशीला टेकवून आडवी होई आणि तिथेच तिची लघवी होई. बाकी वेळ ती बोळात उभी असे, कोणीतरी काहीतरी सांगेल म्हणून वाट पाहत. खुर्चीखाली ती पुन्हा गेलीच नाही.

एका सकाळी वाटी ठेवायला वगीह वाकला आणि तिने त्याचं मनगट धरलं. निमूटपणे. सोडलं आणि पलंगाखाली जाऊन थरथरत बसली. रक्त पुसताना वगीहला जखमेचं काही वाटलं नाही. पलंग हलत होता, तेवढंच त्याला ऐकू येत होतं.

"ती उठल्यापासून झोपेपर्यंत भीत असते," त्याने रीहामला सांगितलं. "माझ्या घरात. मला भिते. हे असं किती दिवस चालवू?"

रीहामने हातातली कोंबडीची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "गाडीत घालायचं नाही तिला. डॉक्टरला इथेच बोलवू." आणि तोंड फिरवून तिने डोळे पुसले.

डॉक्टर दुपारी आला. रीहामने आपल्या हाताने मिशमिशला कोंबडी भरवली, ती पोटभर जेवली. वगीहने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टरने शेवटची सुई टोचली. शेवटपर्यंत ती तोंडातून आवाज न काढता त्या हाताखाली ताठ होऊन राहिली. मग अंग सैल पडलं.

सगळे गेल्यावर नेव्हीनचा फोन आला.

"झालं?"

"झालं."

ती रडली. उन्हाळ्यात कुवेतला या म्हणाली. तो हो म्हणाला. आपण जाणार नाही हे त्याला ठाऊक होतं, बहुधा तिलाही. तेवढ्यात पोरीने फोन ओढून घेतला.

"गिद्दो, मिशमिशला मारलं का तुम्ही? मारू नका हं. मला आता दुखत नाही."

वगीहने तोंड उघडलं. पलीकडून ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "गिद्दो? गिद्दो?" मग नेव्हीनने फोन घेतला आणि हळूच बंद केला.