तो प्रकाश कुणाच्या तोंडावर पडला

मित्रांनो, अंधार असल्याशिवाय माझे काम चालत नसे. मी एक जुना सिनेमाचा प्रोजेक्टर आहे. औरंगाबादच्या एका सरकारी गोदामात पडून आहे. निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत मात्र मी जीपमध्ये बसून गावोगाव फिरत होतो. मुंग्यांचे वारूळ आतून कसे असते, बेडकाचे पिल्लू शेपटी कशी टाकते, हे मी पांढऱ्या पडद्यावर दाखवी. म्हातारी माणसेसुद्धा तोंडात बोट घालून बघत. फिल्मचा आवाज हिंदीत असे, म्हणून माझे चालक श्रीधरराव पडद्याजवळ उभे राहून कर्ण्यातून सारे मराठीत सांगत.

एका उन्हाळ्यात आमच्याकडे नारूची, म्हणजे पायाच्या जखमेतून दोऱ्यासारखा लांब जंत बाहेर येतो त्या रोगाची, फिल्म आली. देवगाव रंगारीच्या पुढे एका वाडीत आम्ही गेलो, तेव्हा घरोघर माणसे पाय धरून बसली होती. सारे गाव पायऱ्यांच्या एकाच बारवेचे पाणी पीत होते. द्वारकाबाई नावाची एकटी विधवा चार घरचे पाणी भरून पोट भरी. तीही लंगडत होती.

दिवस मावळला. मी सुरू झालो. पाण्याचा एक थेंब पडद्यावर तळ्याएवढा झाला आणि त्यात किडे वळवळू लागले. बायांनी पदर तोंडाला लावले. मग नारूची जखम झालेला एक पाय पाण्यात उतरला. जखमेतून दुधासारखा ढग सुटला.

"ही नारूची पिल्लं," श्रीधरराव सांगत होते. "ती पाण्यातल्या किड्यांच्या पोटात जातात आणि किडे तुमच्या. पाणी कापडानं गाळून प्या. जखमेचा पाय पाण्यात घालू नका."

पडद्यावर पुन्हा ते किडे आले. गर्दीत कुजबुज उठली. "द्वारकीच्या पायाला असंच हाय."

गावचे आप्पासाहेब ताडकन उठले. "माझं पोर महिनाभर खाटेवर तळमळतंय, ते हिच्यामुळं व्हय?"

त्यांनी माझे टेबल धरले आणि मला गर्रकन फिरवले. मित्रांनो, मला मान नाही, पाय नाहीत. प्रकाश सरळ द्वारकाबाईच्या तोंडावर पडला. तिच्या कपाळावर, गालांवर ते किडे वळवळू लागले. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले, तर ते हातांवर वळवळले.

"मला काय ठावं होतं, बाबा?" ती म्हणाली. कोणी ऐकले नाही. माणसे उठू लागली.

श्रीधरराव धावत आले. त्यांनी तळहात माझ्या भिंगावर ठेवला. सगळीकडे अंधार झाला आणि त्या अंधारात दगड उचलल्याचा आवाज आला.

तेवढ्यात एक कंदील पुढे आला. आप्पासाहेबांची आई, आवडाबाई.

"आप्पा, धोतर वर कर."

"आये, तू घरी जा."

"वर कर म्हणते ना! पायाला पट्टी कशाची हाय? सकाळच्याला बारवंत पवायला कोण उतरतं?"

कंदिलाच्या उजेडात पट्टी सगळ्यांनी पाहिली. हातातले दगड खाली पडले. आप्पासाहेब मान खाली घालून निघून गेले. उरलेली फिल्म त्या दिवशी कोणी पाहिली नाही.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. बारवेच्या पायऱ्या बुजवून वर रहाट बसवला होता. घरोघरी घागरीच्या तोंडाला फडके होते. आप्पासाहेबांचे पोर अंगणात पळत होते. श्रीधररावांना फार आनंद झाला. त्यांनी द्वारकाबाईची चौकशी केली.

"गेली ती," आवडाबाई म्हणाल्या. "दगड नाय मारला कुणी. पण तिच्या हातचं पाणीबी नाय घेतलं कुणी. लई दिस वाट बघितली तिनं. मग भावाकडं जाते म्हणाली, खुलताबादला. भाऊ म्हणतो, आलीच नाय."

त्या दिवशी श्रीधररावांनी मला जीपमधून खाली उतरवलेच नाही.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, असे मी सांगत नाही. आता माझा उपयोग नाही. पण माझ्यासारखी नवी यंत्रे तुमच्या हाती येतील. त्यांनाही मान नसेल. तुम्ही फिरवाल तिकडे ती फिरतील. तेव्हा एवढेच करा, फिरवण्याआधी समोर कोण बसले आहे ते बघा.