कपाळाला काय लावू

डबा कोमट होता. मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडताना ओला हात त्याला लागला, आणि कुसाबाईनं तो पदरानं पुसला — तळहाताएवढा डबा, वर काळ्या चौकोनांचं चित्र. गिऱ्हाइकानं मोबाइल धरला की आतली बाई बोलते, इतके रुपये मिळाले... मिळाले म्हणते, पण कुणाला? खातं अमोलचं. पंचवटीच्या या बाजारात सगळ्यांच्या आधी डबा आणला तोही तिच्या अमोलनंच. "आता रोख कोण ठेवतं, आई? सरकारच म्हणतंय. सुट्ट्याची कटकट गेली." गेली खरी. कमरेची पिशवीही हलकी होत गेली, आणि तिला वाटत राहिलं, तिकडं लेकाकडं कणगीत दाणे पडावेत तसा पैसा पडतोय.

कणगी... काल जेवताना घास हातात धरूनच तो बोलला. शेअर बाजारात लावले होते. ऑप्शन म्हणे — भाव वर जाईल की खाली, याची पैज. "गेले सगळे. पण भरून काढतो. अजून थोडे लागतील. कुणाला बोलू नको." पुढचा माल लिलावात कशानं घेऊ, हे तिनं विचारलंच नाही. लहानपणी गोवर निघून अंग तापलं होतं तेव्हा असेच डोळे होते त्याचे...

"मावशी, एक जुडी द्या."

गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, फिरायला येणाऱ्या संध्याताई. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक.

कुसाबाईचा तळहात चित्रावर गेला. कसा गेला, तिचं तिलाच कळलं नाही. "रोख द्या ना, ताई."

"फिरायला येताना पर्स कोण आणतं? का, आतली बाई रुसली का आज?"

हसावं लागलं. काय सांगू? बिघडला म्हणू, तर शेजारचा झुंबर आत्ता उठून बघायला येईल. खरं सांगू, तर भाजीशेजारी लेकाची अब्रू मांडून बसले मी... उद्या द्या म्हणू — दिवसाची पहिली विक्री, भवानी, तीच उधार? पहिलं गिऱ्हाईक रिकामं पाठवू नये, पहिला पैसा उधार ठेवू नये. तिची आई ते भवानीचं नाणं कपाळाला लावायची आणि गुणगुणायची —

पहिलं गं मोल आलं, लाविते कपाळाला,
दुपारच्या गं उन्हाला, सावली माझ्या बाळाला.

तिनं हात उचलला. ताईंनी मोबाइल धरला. पडद्यावर चक्र फिरू लागलं... फिरतच राहिलं.

"रेंज नाही वाटतं," ताई म्हणाल्या.

नको असू दे. जन्मभर भवानीची वाट पाहिलेल्या त्या जिवाला पहिल्यांदाच वाटलं, ती वाटेतच हरवावी, गंगेत पडावी, पण अमोलच्या हाती पडू नये. ही कसली आई मी... की आईच म्हणून...

"वीस रुपये प्राप्त झाले."

रोजचाच आवाज. ना हर्ष, ना खेद.

जुडी घेऊन ताई गेल्या. नाणं नाही तर डबा तरी, म्हणून रोज ती तोच कपाळाला टेकवायची. सवयीनं तो वर आला आणि कपाळापाशी थांबला. ओवीचा पहिला चरण ओठांवर आला, पुढचा येईना. सावली मागू, पण कुणाच्या उन्हापासून?

डबा तसाच मांडीत ठेवला. मग लेकराचा ताप बघतात तशी हाताची पाठ त्याला लावली, आणि बाजार भरत गेला तरी तो हात तिथून निघेना.